मामंजी शांत झाले

दुपारी दोन ते चार ही वेळ आमच्या घरात कोणाच्याच नावावर नव्हती. यजमान कारखान्यात असत, मुलगी कॉलेजात, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवून बाहेरच्या खोलीत आडवे होत. टेकडीवरच्या देवळाचा भोंगासुद्धा त्या वेळी गप्प असे. त्या दोन तासांत मी नागपूरला, पुण्याला आणि सहा महिने बर्फ असतं अशा एका लांबच्या गावाला जाऊन परत येई. हाताला कणकेचा वास तसाच असे.

कॉम्प्युटर मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला. नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली होती आणि देवासच्या आमच्या कॉलनीत घरोघर इंटरनेटच्या तारा ओढल्या जात होत्या. एका सुट्टीच्या दिवशी मुलीने मला मराठी बायकांचं एक पान उघडून दाखवलं. कुठकुठल्या बायका त्यावर लिहीत होत्या आणि कुठकुठल्या त्यांना उत्तरं देत होत्या.

"तू पण लिही ना आई. दिवसभर किसी से बोलतच नाहीस."

मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. तिने कागदाचे बारके तुकडे कापले, मी त्यांवर क, त, म, स लिहिलं आणि आम्ही ते बटणांवर चिकटवले. ळ मात्र सापडेना. तिसऱ्या दिवशी सापडला. दोन बटणं एकदम दाबली की यायचा. मी कितीतरी वेळ नुसता ळ ळ ळ लिहीत बसले.

त्या अक्षराशी माझं जुनं आहे. माहेरी, धारला, आमची मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला हिंदी शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी उभं करून वाचायला सांगितलं आणि मी "काला"चं "काळा" केलं. वर्ग हसला. बाईही हसल्या, पण वाईट मनाने नाही. दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतं म्हणाले, तिसऱ्या दिवशीही म्हणाले, आणि पुढे कोणी विचारेनासं झालं. वडिलांकडे देवळाची पूजा होती आणि घरात पोथ्या होत्या. मी त्याच वाचत मोठी झाले.

मामंजी साताऱ्याकडचे. मुलाला इथे कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्याच्या मागोमाग आले, आणि इथल्या प्रत्येक गोष्टीवर चिडायचं असं ठरवूनच आले असावेत. पोह्यांवर शेव का, बसला वेळ का नाही, चांगली मराठी माणसं एकमेकांना भाऊ सोडून भिया का म्हणतात. माझ्या बोलण्यावरही त्यांचा राग होता. "मामंजी, पान वाढलं आहे, यावं," असं मी म्हटलं की ते म्हणत, "यावं? लग्नाची पत्रिका आहे का ही? तुमच्या धारला मराठी बोलतात की लोणच्यासारखी बरणीत मुरवत ठेवतात?"

मी पदर सावरून आत जाई. पण सांगायची सवय मला त्यांनीच लावली.

नव्वदनंतरची गोष्ट असेल. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पेपर हिंदी येई, आणि तसाही तो वाचताना ते चिडत. एके सकाळी सगळे कामाला गेल्यावर त्यांनी हाक मारली, "सूनबाई, इकडे ये. हे वाच. मराठीत वाच."

मी उंबऱ्याच्या आत बसले आणि हिंदीवर डोळे ठेवून मराठीत सांगू लागले. आवाज इतका लहान होता की ते म्हणाले, "मुंग्यांना सांगतेस का?" मी थोडा मोठा केला. राजकारण आलं की ते हात झटकत. "ते चोर राहू देत तिथेच. कोपऱ्यातलं वाच."

कोपऱ्यातलं म्हणजे चौकटीतल्या छोट्या बातम्या. सोनकच्छला एक बैलगाडी सोयाबीन घेऊन मंडीत आली आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत उभी राहिली. पुढची गाडी सरकली की बैल सरकत. वजनकाट्यापाशी पोचल्यावर लोकांच्या लक्षात आलं की गाडीवर माणूस नाही. मालक सात कोस मागे, चहाच्या दुकानात बाकावर झोपला होता. किंवा उदयनगरहून निघालेल्या बसच्या टपावर एक मोर येऊन बसला. घाट उतरला, जंगल संपलं, तरी उठला नाही. बागलीला बस थांबली तेव्हा टपावरून उतरून बाजाराच्या दिशेने चालत गेला.

"तिकीट काढलं का त्याने?" मामंजी विचारत.

"नाही मामंजी."

"मग कंडक्टर काय करत होता?"

"तसं दिलेलं नाही."

"अर्धवट बातम्या देतात लेकाचे. परत वाच, काही सुटलं असेल."

एक ओळ त्यांनी कधी सलग ऐकली नाही. प्रत्येक वाक्याला अडवत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे चांगले झाले, तरी सकाळचं वाचणं तसंच चालू राहिलं. डॉक्टरने डोळ्यांना ताण देऊ नका सांगितलंय, असं ते सगळ्यांना सांगत. डॉक्टरने तसं सांगितलं ते एका महिन्यापुरतं. पुढची दहा-बारा वर्षं ते महिने मोजायचं विसरले.

सकाळी त्यांना सांगितलेली बातमी मी दुपारी त्या पानावर लिहू लागले. चौकटीतली बातमी चार ओळींची असे, पण मामंजींचे प्रश्न घालून ती मोठी होई. बायकांना बातमीपेक्षा प्रश्न आवडले. 'मामंजी' या शब्दावर तर पुण्याची म्हणाली, "अहो, आमच्या पणजीनंतर हा शब्द आजच ऐकला." त्या पानावर मला सगळ्या देवासताई म्हणत. मीही त्यांना गावांनीच ओळखत असे. नागपूरची, पुण्याची, बर्फाची. एक कोल्हापूरची होती, ती फक्त हसण्याची चित्रं पाठवी.

त्या आपापलं सांगत. बर्फाची सकाळी उठून आपली मोटार खणून काढी आणि कधीकधी शेजाऱ्याचीच निघे. पुण्याचीच्या मुलाचा दात पडला तो तीन दिवस सापडत नव्हता. हे वाचताना पंखा डोक्यावर हळू फिरत असे, खिडकीच्या गजांचं ऊन फरशीवर सरकत माझ्या पायापर्यंत येई, आणि मला वाटे, हिच्या अंगणातलं बर्फ आणि तिच्या मुलाचा तो दात हे सगळं आमच्याच घराच्या मागच्या बाजूला कुठेतरी आहे. स्वयंपाकघराचं दार उघडून डावीकडे गेलं की लागेल. लाइट गेली की पडदा काळा होई आणि मी तिथेच बसून राही, परतीची बस चुकल्यासारखी.

मी माझं काय सांगणार? माझं म्हणजे मामंजींचंच. वीज कचेरीला फोन करून त्यांनी तिथल्या माणसाला मराठीतून झापलं आणि तोही मराठी निघाला. त्यांनी रेडिओतल्या बाईला उलट उत्तर दिलं. बायका रोज विचारू लागल्या, "देवासताई, आज मामंजींचा पारा किती?" मी आकडा लिही. अडतीस, बेचाळीस. एकदा मुलीने केस कापले तेव्हा सत्तेचाळीस लिहिला. कधी वाटे, म्हाताऱ्या माणसाला मी असं चव्हाट्यावर मांडते आहे. पण त्या बायकांना ते आवडत होते. घरात ते फारसे कोणाला आवडत नसत, हेही खरं.

एका सोमवारी सकाळी पेपर ऐकता ऐकता ते गेले. दुखणं नाही, काही नाही. सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

चौथ्या दिवशी यजमान अस्थी घेऊन नर्मदेवर गेले. मुलगीही हट्टाने गेली. दुपारचे दोन वाजले आणि घरात मी एकटी राहिले. बाहेरच्या खोलीत कॉट उभी करून भिंतीला टेकवली होती. पेपर तीन दिवसांचे, घडीसुद्धा न मोडलेले, तसेच पडले होते. मी कॉम्प्युटर लावला. माझ्या मनात एवढंच होतं की त्यांना ओळखणारं अजून कोणी आहे, त्यांना कळायला हवं.

मी लिहिलं, "सोमवारी सकाळी पेपर ऐकता ऐकता मामंजी शांत झाले. घरात आता आवाज नाही. तुम्हा सगळ्यांना कळवावं असं वाटलं."

बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. परत आले तो उत्तरं आली होती.

"अरे वा, अभिनंदन," पुण्याची म्हणाली.

"देवासताई, जिंकलात. पारा शून्य का आज?" ही नागपूरची.

बर्फाचीने लिहिलं होतं, "माझ्या सासऱ्यांनाही पाठवते तुमच्याकडे शांत व्हायला. तिकीट मी काढते." कोल्हापूरचीने टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते, सात वेळा.

मी खूप वेळ वाचत राहिले. आधी मला काही कळेचना. मग कळलं.

आमच्याकडे माणूस मेला असं म्हणत नाहीत. शेजारपाजारच्या माळवी बायका म्हणतात, दादाजी शांत हुई गया. हिंदीतही तेच, आणि धारच्या आमच्या मराठी घरांतही तेच. माझी आजी शांत झाली, काका शांत झाले. मला दुसरा शब्द सुचलाच नव्हता. त्या बायकांच्या गावी माणूस शांत होतो म्हणजे ओरडायचा थांबतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. कारण मामंजींचीच एकदा त्या शब्दाने फजिती झाली होती. समोरचे काका रोज नळावर भांडत. एके सकाळी मी मामंजींना म्हटलं, "समोरचे काका शांत झाले." ते म्हणाले, "कोणी केलं? भलं होवो त्याचं," आणि चप्पल घालून काकांना शाबासकी द्यायला निघाले. दारात तिरडी बांधत होते. परत आले ते पाय धुताना माझ्यावर ओरडले, "सूनबाई, माझ्या वेळी तरी मराठीत सांग."

आणि मी त्यांच्या वेळीही तेच केलं.

तेवढ्यात लाइट गेली. लाइट गेली नसती तर मी कदाचित तेव्हाच खुलासा लिहिला असता. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आणखी अकरा जणींनी आनंद कळवला होता. आता खरं सांगायचं म्हणजे त्या सगळ्यांना एकदम खाली मान घालायला लावायची. त्या किती शरमतील, परत येतील की नाही, आल्या तरी तशा बोलतील का? भरल्या वर्गात कोणी उभं राहून चुकलं म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. नागपूरचीने विचारलं होतं, "आज कसे आहेत? अजून शांत?"

मी लिहिलं, "हो. शांत आहेत."

हे खोटं नव्हतं. पण त्यानंतरचं होतं.

मामंजी तिथे राहू लागले. घरात त्यांचे दिवस झाले, तेरावं झालं, यजमानांनी त्यांचे कपडे बांधून कोणाला देऊन टाकले. आणि दुपारी दोन वाजता ते दारापुढच्या ओटल्यावर ऊन खात बसलेले असत. मी लिही, "आज मामंजींनी चिमण्यांना दाणे टाकले." "आज पेरू खाल्ला, बिया काढून दिल्या तर नको म्हणाले, राहू दे म्हणाले." बायकांना नवल वाटे. मलाही वाटे. मी त्यांना इतकं सौम्य कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघून हसत, त्यांचा पांढरा सदरा उन्हात मऊ दिसे, आणि त्यांचे शब्द माझ्या बोटांतून मला न विचारता येत. एक दिवस मी लिहिलं, "आज मामंजी म्हणाले, सूनबाई, तू छान वाचतेस."

ते वाक्य पडद्यावर दिसलं आणि माझे हात थांबले. बावीस वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मी ते पुसलं नाही. पाठवून दिलं.

असे दोन महिने गेले. त्या दिवसांचं मला नीट काही आठवत नाही. भाजी चिरल्याचं आठवत नाही, कोणाचं लग्न झालं, कोण आलं-गेलं आठवत नाही. दुपारचं ऊन तेवढं आठवतं.

कळलं ते मुलीला. ती हिंदी शाळेत शिकलेली, अक्षरं तीच असली तरी मराठी वाचायची म्हणजे बोट ठेवून, अडखळत. त्यामुळे मी काय लिहिते ते तिने कधी पाहिलं नव्हतं. एका रविवारी ती माझ्या खुर्चीवर बसून मागचं मागचं वाचत गेली. मी तांदूळ निवडत होते.

"मा-मं-जी शां-त झा-ले," तिने वाचलं. मग पुढचं वाचलं, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आई, ये क्या है? आजोबा शांत हो गए आणि ह्या बायका अभिनंदन म्हणतात? पागल आहेत का?"

"त्यांना तसं नाही कळलं गं."

"तसं म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. तिला 'शांत'चा दुसरा अर्थ समजायला थोडा वेळ लागला. मग ती हसू लागली, मग हसता हसता थांबली, कारण तिने पुढचं वाचलं होतं. "आणि हे? पे-रू खा-ल्ला? कोणी खाल्ला पेरू?"

मी तांदळातला खडा शोधत राहिले.

"आई. आजोबांनी पेरू खाल्ला?"

"कोणी विचारलं की सांगते. एवढंच."

"उनको सच बता. नाहीतर मी लिहिते."

"तू नको," मी म्हणाले. "तुझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात."

ती माझ्याजवळ खाली येऊन बसली आणि तांदूळ निवडू लागली. तिलाही आजोबांची आठवण येत असेल हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. केस कापले म्हणून ते तिच्याशी चार दिवस बोलले नव्हते आणि पाचव्या दिवशी तिला जिलबी आणून दिली होती.

तरीही मी सांगितलं नसतं. मी स्वतःला ओळखते. पण त्याच आठवड्यात नागपूरचीने मला सगळ्यांसमोर न लिहिता वेगळं पत्र पाठवलं.

तिने लिहिलं होतं की तिचे वडील तिच्याशी नऊ वर्षांत एक शब्द धड बोललेले नाहीत. तिने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून. एकदा गेली होती तर दारातूनच ओरडून परत पाठवलं. ते गावी एकटे असतात. "तुमच्या मामंजींचं वाचून मला पहिल्यांदा वाटलं की असा माणूसही बदलतो. मी वाट बघायचं ठरवलंय. तेही शांत झाले की जाईन. देवासताई, खरं सांगा, तुम्ही काय केलंत? पुढच्या महिन्यात आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही उज्जैनला येणार आहोत, तेव्हा देवासला उतरून मामंजींना बघून जाईन म्हणते."

मी हे तीनदा वाचलं. फरशीवर ऊन होतं, पंखा फिरत होता, सगळं नेहमीसारखंच होतं. ओटल्यावर मात्र कोणी बसलेलं दिसेना. मी डोळे मिटून पाहिलं, तरी नाही.

ती वाट बघणार होती. माझ्या पेरूवर आणि चिमण्यांवर विश्वास ठेवून तिकडे तिचा बाप शांत व्हायची वाट बघणार होती. आणि मला मामंजी साताऱ्याच्या हेलात म्हणताना ऐकू आले, काय करून बसलीस हे?

मुलीच्या जुन्या वहीत मागच्या पानावर मी आधी लिहून काढलं. सरळ पडद्यावर लिहायची हिंमत नव्हती, आणि लाइटचाही भरवसा नव्हता. चार वेळा खोडलं. शेवटी राहिलं ते एवढं:

"मामंजी वारले. त्या सोमवारीच वारले. आमच्याकडे वारल्याला शांत झाले म्हणतात, तो दोष माझ्या बोलण्याचा. तुमचा काही दोष नाही. पुढचं मी रचून लिहिलं, तो दोष माझ्या मनाचा. ते शेवटपर्यंत शांत नव्हते. रविवारी रात्रीच्या भाजीवरूनही ओरडले होते. त्यांनी मला तू छान वाचतेस असं कधी म्हटलं नाही. तुम्ही आता माझ्याशी बोलला नाहीत तरी मी समजेन. नागपूरच्या ताईंनी मात्र कृपा करून वाट बघू नये."

ते पाहून एकेक अक्षर पडद्यावर उतरवलं आणि सगळ्यांच्या पानावर पाठवलं. मग कॉम्प्युटर बंद करून त्यावर क्रोशाचं कापड घातलं.

तीन दिवस मी ते कापड उचललं नाही. दुपारी दोन वाजता पापड लाटले. मुलीने एकदा विचारलं, "बघू का मी?" मी नको म्हटलं. चौथ्या दिवशी ती कॉलेजात जाण्याआधी कॉम्प्युटर लावून, पान उघडून ठेवून गेली.

पुण्याचीने लिहिलं होतं, "टाळ्या वाजवल्या हो आपण. देवा." त्यानंतर दोन दिवस कोणी काही लिहिलेलं नव्हतं. बर्फाचीने मग बरंच मोठं लिहिलं होतं, की ती रडली, आणि मग तिला तिकिटाचं आठवून हसू आलं, आणि त्याची लाज वाटून परत रडली, आणि हे सगळं बर्फात मोटार खणताना. कोल्हापूरचीने पहिल्यांदाच शब्द लिहिले होते. "आमचाही एक माणूस गेल्यासारखं वाटतंय." दोघी-तिघी त्या पानावर पुढे दिसल्या नाहीत. त्या रागावल्या की अवघडल्या ते कळलं नाही.

नागपूरचीचं काहीच नव्हतं.

ती सरळ आली. महिन्याभराने, उज्जैनहून परतताना, मी कधीतरी लिहिलेलं कॉलनीचं नाव धरून पत्ता विचारत. मी दार उघडलं तर माझ्याएवढीच एक बाई, हातात पिशवी, चष्म्यावर धूळ. मी तिला ओळखलं नाही. ती म्हणाली, "देवासताई?" आणि मला घरातल्या घरात कुठे जाऊ असं झालं. दोन वर्षं रोज बोललेल्या बाईशी माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मी पाणी दिलं, पोहे केले. ती शेव बाजूला करून खाऊ लागली. बाहेरच्या खोलीत मामंजींचा फोटो होता, हार घातलेला. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"रागीटच दिसतात," ती म्हणाली.

"फोटोवाल्याने हसा म्हटलं होतं," मी म्हणाले. "म्हणून."

ती हसली तसा माझा आवाज थोडा मोकळा झाला. तिने ताटली खाली ठेवली आणि विचारलं, "त्या सकाळी काय झालं, सांगाल?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. यजमानांनी नाही, मुलीने नाही. मी फोटोकडे न बघता फरशीकडे बघत सांगितलं. बातमी वरातीची होती. पिपल्या नावाची दोन गावं, वरात चुकून भलत्याच पिपल्याला उतरली. गावाने ओवाळून घेतलं, जेवूही घातलं, आणि मग नवरीच सापडेना. मी वाचत होते. ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. पहिल्या ओळीला अडवलं, "कुठलं पिपल्या?" दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. मला वाटलं, आज किती छान ऐकताहेत. मला बरं वाटलं हो. मी नीट, सावकाश, आवाज चढवून-उतरवून शेवटपर्यंत वाचलं. उलट दोन वाक्यं माझी घातली. एवढं चांगलं मी कधीच वाचलं नव्हतं. वाचून झाल्यावर वर पाहिलं.

"मलाही वाटलं, शांत झालेत," मी म्हणाले. "तुम्हाला वाटलं तसंच. म्हणून तुमच्यावर कसं रागवू?"

 ती माझा हात धरून बसली. तिचा हात गार होता. बाहेर कोणीतरी भंगार, भंगार ओरडत गेलं. मग ती उठली, बेसिनवर चष्मा धुतला आणि पिशवी उचलली.

"मी इथून तशीच बाबांच्या गावी जाते," ती म्हणाली. "ओरडले तर ओरडले."

मी तिला भोपाळच्या बसपर्यंत पोचवायला गेले. बसमधून ती हात हलवत राहिली. मला हात हलवता आला नाही, लोक होते. मी मान हलवली.

पाचव्या दिवशी दुपारी तिचं पत्र आलं. पान उघडायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"बाबा ओरडले. अर्धा तास. शेजारी गोळा झाले. मी पायरीवर बसून ऐकलं. दमले तेव्हा आत गेले, आणि आतून विचारलं, जेवलीस का."

मी ते तिथेच बसून मोठ्याने वाचलं, घरात कोणी नव्हतं तरी. मग उत्तर लिहायला घेतलं. आधी विचारलं, "मग काय वाढलं त्यांनी, आणि ताट कोणी धुतलं?"